गुन्हा कबूल आहे, साहेब

सांगलीच्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर, बाजारभाव आणि निधनवार्ता यांच्या आसपास, चार-चार ओळींच्या काही बातम्या नेमाने छापून येतात. रहदारीस अडथळा होईल अशा रीतीने हातगाडी उभी केल्याप्रकरणी एकावर गुन्हा. बसस्थानक परिसरात मटका घेताना एकास पकडले, रोख रक्कम व साहित्य जप्त. दारूच्या नशेत आरडाओरडा करणाऱ्या दोघांवर कारवाई. नाव, वय, राहण्याचे ठिकाण आणि कलम एवढेच त्यात असते. आरोपीचे म्हणणे त्यात नसते आणि पुढे त्या खटल्याचे काय झाले हेही कधी छापून येत नाही. मी वकिली करते आणि माझ्या उमेदवारीची पहिली वर्षे याच माणसांच्या गर्दीत गेली, त्यामुळे पुढे काय होते ते मी जवळून पाहिले आहे आणि ते लिहून ठेवावे असे फार दिवस मनात आहे.

तेव्हा आमचे न्यायालय राजवाड्याच्या आवारात होते. आता ते विजयनगरला गेले आहे. किरकोळ खटल्यांच्या दिवशी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर सकाळपासून माणसे उभी असत. न्यायालयातले पोलिसांचे काम पाहणारा पैरवीचा पोलीस कागदांचा गठ्ठा घेऊन येई, शिपाई एकेका नावाचा पुकारा करी, माणूस आत जाई, हात जोडून उभा राही. न्यायाधीश विचारत, ‘गुन्हा कबूल आहे का?’ आणि उत्तर येई, ‘कबूल आहे, साहेब.’ मग दंडाची रक्कम सांगितली जाई, कधी तिच्या जोडीला न्यायालय उठेपर्यंत कैद, म्हणजे संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचे. दंड नाझराकडे, म्हणजे न्यायालयाच्या पैशांचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, भरायचा, पावती घ्यायची आणि जायचे. एका माणसाला यासाठी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ क्वचितच लागे. नाकारणारा माणूस मला त्या रांगेत जवळजवळ दिसलाच नाही. स्टेशन चौकाकडे फळांची गाडी लावणाऱ्या एका मध्यमवयीन माणसाला मी बाहेर गाठून विचारले होते की गाडी खरोखर रस्त्यात होती का. तो म्हणाला, ‘गाडी कुठं होती हे आता कोण बघणार, मॅडम? नाही म्हटलं की तारीख पडती, आणि तारीख पडली की त्या दिवसाचा धंदा बुडतोय.’

त्याचा हिशेब अचूक होता. त्या वेळच्या कायद्यात रस्त्यावर अडथळा केल्याबद्दल जास्तीत जास्त दंड दोनशे रुपये होता. नाकारायचे ठरवले असते तर त्याला वकील गाठावा लागला असता, जातमुचलका द्यावा लागला असता, साक्षीदार पोलीस बंदोबस्ताला गेला म्हणून किंवा पंच आले नाहीत म्हणून पुढच्या तारखा घ्याव्या लागल्या असत्या, आणि एखादी तारीख चुकली तर वॉरंट निघण्याची भीती वेगळीच. निर्दोष सुटला असता तरी त्या सुटकेसाठी दंडाच्या कितीतरी पट रक्कम आणि कितीतरी दिवसांची कमाई गेली असती. आपल्याकडे किरकोळ गुन्ह्यांच्या बाबतीत कबुली स्वस्त आणि नकार महाग करून ठेवला आहे, आणि माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. कबुली स्वस्त असली की खरे-खोटे तपासले जात नाही. खरे-खोटे तपासले जात नाही म्हणून निकाल प्रत्यक्षात न्यायालयात लागत नाही, तो रस्त्यावर, पोलिसाने वही किंवा यंत्र बाहेर काढले त्या क्षणी लागलेला असतो.

भारतीय दंड संहिता १८६० साली आली. तिच्या कलम २८३ मध्ये सार्वजनिक रस्त्यावरील अडथळ्यासाठी दोनशे रुपयांपर्यंत, कलम २९० मध्ये सार्वजनिक उपद्रवासाठी दोनशे रुपयांपर्यंत आणि कलम ५१० मध्ये दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन केल्याबद्दल चोवीस तासांपर्यंत कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. १८६० च्या रुपयात मोजले तर दोनशेची रक्कम सामान्य माणसाला उद्ध्वस्त करणारी होती, आणि ती तशीच राहून राहून आपल्या काळात किरकोळ झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हे आकडे बदलले: अडथळ्यासाठी आता कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत, उपद्रवासाठी कलम २९२ खाली एक हजार रुपयांपर्यंत आणि नशेतील गैरवर्तनासाठी कलम ३५५ खाली एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रकमा वाढवल्या यात मला काही गैर वाटत नाही. परंतु रक्कम वाढली तशी नाकारण्याची सोय वाढली नाही, आणि पाच हजारांचा आकडा गाडीवर केळी विकणाऱ्यासाठी आणि मंगल कार्यालयाबाहेर रस्त्याच्या अर्ध्या भागात मोटार लावून जेवायला गेलेल्या पाहुण्यासाठी एकच आहे. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंडाची रक्कम माणसाच्या रोजच्या उत्पन्नावरून ठरवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे न्यायाधीशांना कमाल मर्यादेच्या आत कमी दंड करता येतो, पण दोन-तीन मिनिटांत समोरच्याची परिस्थिती कोण आणि कशी विचारणार?

अडथळ्याच्या कलमाची भाषा नीट वाचली तर आणखी एक गोष्ट दिसते. गाडी रस्त्यावर असणे एवढ्याने गुन्हा पुरा होत नाही. त्यामुळे कोणा व्यक्तीला धोका, अडथळा किंवा इजा झाली पाहिजे. कोणाला अडथळा झाला, किती रस्ता मोकळा होता, हे प्रश्न खटला चालला तरच निघतात. हातगाडीवाल्यांसाठी तर २०१४ चा पथविक्रेता अधिनियम आहे. माल जप्त केला तर त्याची यादी विक्रेत्याच्या हातात दिली पाहिजे, आणि रीतसर दंड भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत केला पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. उन्हात दुपारभर पडून राहिलेल्या पेरूंची आणि द्राक्षांची किंमत संध्याकाळी काय उरते हे तासगाव-मिरजेच्या माणसाला सांगायला नको, म्हणूनच ती तरतूद कायद्यात आली असावी असे मला वाटते. किती हातगाडीवाल्यांना ती माहीत असते? माझ्याकडे आलेल्यांपैकी जवळजवळ कोणालाच नव्हती.

माझे एक मामा पोलीस खात्यात हवालदार म्हणून निवृत्त झाले. या विषयावर त्यांच्याशी माझे अनेकदा बोलणे झाले आहे, आणि त्यांची बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. गणपतीत, निवडणुकीत, पूर आला की कृष्णेच्या काठी, असा सलग बंदोबस्त करून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी चौकात उभा राहतो; त्याच्यावर महिन्याच्या केसेसचे दडपण असते आणि ज्याची गाडी अडवली त्याच्या खिशातला फोन कोणाला लागेल हे त्याला माहीत नसते. मामांनी आयुष्यात पुष्कळांना समज देऊन सोडले. कायद्यालाही ते मान्य आहे. सामान्य समजुतीचा आणि स्वभावाचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी गुन्हा ठरत नाही असे जुन्या संहितेचे कलम ९५ सांगत होते आणि नव्या संहितेचे कलम ३३ तेच सांगते. मी एकदा त्यांना विचारले की कोणाला समज द्यायची आणि कोणावर केस करायची हे तुम्ही कसे ठरवत होता. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘बाळ, खरं सांगू का, ज्याच्या गावातलं कोणीतरी आपल्याला माहीत आहे त्याला समज दिली जाते, आणि ज्याचं कोणीच माहीत नाही त्याच्यावर केस होते. ठरवून कोणी करत नाही, तसं होऊन जातं.’

या उत्तरात आकस नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक अस्वस्थ करते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १२२ खाली सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत तोंड झाकून वावरणाऱ्या आणि समाधानकारक कारण न देऊ शकणाऱ्या माणसाला पकडता येते. त्याच कलमात नामचीन चोर म्हणून ज्याचा लौकिक आहे असा माणूस रस्त्यावर रेंगाळताना दिसला तरी पुरे होते. हा लौकिक कोण ठरवतो? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांना जन्मावरून गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु आमच्या जिल्ह्यातील पालांवर राहणाऱ्या पारधी कुटुंबांना रात्री रस्त्यावरून जाताना अजूनही आपण कुठून आलो आणि कुठे चाललो याचा खुलासा इतरांपेक्षा जास्त वेळा द्यावा लागतो. ज्याच्यासाठी गावातून कोणी फोन करणारा नाही त्याचे कोणतेही उत्तर समाधानकारक ठरणे कठीण असते.

यंत्र आले की हा भेद जाईल अशी माझी आशा होती. २०१९ च्या सुरुवातीपासून राज्यभर ई-चलन सुरू झाले, आणि मला आजही वाटते की ती चांगली सुधारणा आहे. हातात पैसे द्यायचे नाहीत, फोटो असतो, वेळ आणि ठिकाण असते, आणि कॅमेरा कोणाचा गाव विचारत नाही. पण नकाराचे काय? सांगलीच्या विश्रामबागेतील एका निवृत्त शिक्षकांना दुसऱ्या शहरातील सिग्नल तोडल्याचे चलन आले. फोटोतील दुचाकी वेगळ्या रंगाची होती, क्रमांकातील एक आकडा चुकून वाचला गेला होता. त्यांनी संकेतस्थळावर तक्रार केली, उत्तराची वाट पाहिली, आणि शेवटी गाडीचा विमा आणि कागदपत्रे अडकतील या काळजीने पैसे भरून टाकले. थकलेली चलने पुढे राष्ट्रीय लोकअदालतीत जातात, तिथे रांगा लागतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीचे काम तडजोडीचे ठरवले आहे. गुन्हा घडला की नाही हे ठरवणे तिचे काम नाही. म्हणजे तिथेही तो प्रश्न विचारला जात नाही. ज्याने चूक केली तो आणि ज्याने केली नाही तो, दोघेही शेजारी उभे राहून पावती घेतात.

हे लिहिताना मी किरकोळ गुन्हे म्हणजे काहीच नव्हे असे म्हणत आहे असा समज होऊ नये. वळणावर उभे राहून प्रवासी भरणाऱ्या वडापमुळे मागून येणारा दुचाकीस्वार ट्रकखाली गेल्याचे खटले मी पाहिले आहेत. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारणाऱ्याची घाण कोणत्या तरी बाईला रोज हाताने धुवावी लागते. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे, १८९४ पासून तिथे वानलेस रुग्णालय आहे, आणि मिरवणुकीच्या रात्री खाटेवर पडलेल्या रुग्णाच्या छातीत ध्वनिवर्धकाचा दणका कसा बसतो हे तिथल्या परिचारिकांना विचारावे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात रात्री चाळीस डेसिबलची मर्यादा आहे, आणि हे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे असल्याने त्यांच्या भंगाला हातगाडीवाल्याच्या दंडाशी तुलनाच होणार नाही असा जबर आर्थिक दंड ठेवलेला आहे. परंतु मंडळ मोठे असते, त्याच्या मागे माणसे असतात, आणि तिथे कारवाई सावकाश, नंतर, बहुधा नोटिशीने होते. ज्याचा उपद्रव लहान आणि ज्याच्या मागे कोणी नाही, त्याच्यावर ती तत्काळ होते. किरकोळ गुन्ह्यांनी त्रास सोसणाऱ्यांनाही या व्यवस्थेत न्याय मिळत नाही तो याच कारणाने.

काही शिक्षा तर कोणत्याच कायद्यात नाहीत. न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये मृत्युदंडापासून समाजसेवेपर्यंत सहा प्रकारच्या शिक्षा सांगितल्या आहेत. भर चौकात उठाबशा काढायला लावणे, गळ्यात पाटी अडकवणे, धिंड काढणे यांपैकी काहीही त्यात नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे सगळे आपण पाहिले, चित्रफिती एकमेकांना पाठवल्या, आणि पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. त्याही आधी हागणदारीमुक्तीच्या काळात गावोगाव पहाटे गुड मॉर्निंग पथके फिरत होती. उघड्यावर बसलेल्यांना गुलाबाचे फूल देणे, शिट्ट्या वाजवणे, फोटो काढणे, आणि पोलीस अधिनियमाच्या कलम ११५ आणि ११७ खाली बाराशे रुपयांपर्यंत दंडाची कारवाई करणे असे त्यांचे काम असे. स्वच्छतेचा हेतू निर्मळ होता याबद्दल मला शंका नाही. परंतु जत तालुक्यातील एका वस्तीवरच्या बाईने मला सांगितले होते की शौचालय बांधायला तिच्या नावावर हातभर जागा नव्हती, आणि पथक येते म्हणून ती पहाटे चारऐवजी तीनला उठू लागली. तिच्याकडून कोणत्या गुन्ह्याची कबुली घ्यायची होती?

याच जिल्ह्यातल्या माणसाने याच कामाचा दुसरा मार्गही दाखवला होता, म्हणून हे अधिक लागते. तासगाव तालुक्यातील अंजनीच्या आर. आर. पाटील यांनी ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावे स्पर्धेने आणि श्रमदानाने स्वच्छ झाली. पुढे गृहमंत्री म्हणून त्यांनी १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आणली आणि बांधावरची, गटारीवरची, गुराढोरांवरची भांडणे गावातच ऐकून घेण्याची पद्धत बसवली. सगळ्या समित्या निःपक्षपाती होत्या असे मी म्हणणार नाही. गावातला वजनदार माणूस समितीतही वजनदारच राहतो. तरी तिथे दोन्ही बाजूंना बोलायला मिळत होते, आणि त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागत नव्हते.

न्याय दाराशी आणण्याची ही ओढ या मातीत जुनी आहे. १९४३ ते १९४६ या काळात, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यात असताना, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली आणि वर्षानुवर्षे रखडलेले तंटे लोकांसमोर मिटवले. त्याच चळवळीतील पत्रीच्या, म्हणजे तळपायांवर फटके मारण्याच्या, शिक्षेच्या कथा आमच्या आजोबांच्या पिढीने अभिमानाने सांगितल्या, आणि परक्या सत्तेच्या काळात गुंडांना आणि खबऱ्यांना जरब बसवायला दुसरा उपाय नव्हता हे मी समजू शकते. पण चौकातल्या मारहाणीला टाळ्या वाजवण्याची आपली सवय त्या आठवणींवर पोसली गेली आहे का, असा विचार मला अनेकदा छळतो. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी याच सुमारास अगदी वेगळी वाट धरली. १९३९ मध्ये आटपाडीजवळ त्यांनी स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतीशिवाय, कुटुंबासह, शेती करून राहू लागली, आणि ती वसाहत अजून आहे. ज्या जिल्ह्याने खुनाच्या कैद्यावर एवढा विश्वास टाकून पाहिला, तिथे हातगाडीवाल्याचे ‘माझी गाडी रस्त्यात नव्हती’ हे एक वाक्य ऐकून घ्यायला आपल्याकडे दहा मिनिटे का नसावीत?

नव्या संहितेने समाजसेवेची शिक्षा आणली याचे मी मनापासून स्वागत करते. पण ती मोजक्या सहा गुन्ह्यांपुरती आहे. नशेत गैरवर्तन करणाऱ्याला ती देता येते आणि पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीत मुद्देमाल परत केल्यावर देता येते. रस्त्यावरचा अडथळा आणि सार्वजनिक उपद्रव मात्र तिच्या बाहेर राहिले. थुंकणाऱ्याने दोन रविवार कृष्णेचा घाट झाडला तर दंडापेक्षा ते त्याला आणि गावाला दोघांना उपयोगी पडेल. श्रीमंतालाही त्यात आपलाच वेळ द्यावा लागतो.

आणि नकाराची सोय हवी. खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२९ प्रमाणे किरकोळ गुन्ह्यात आरोपी न्यायालयात न येता टपालाने गुन्हा कबूल करून दंड पाठवू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ मध्येही तशीच वाट आहे. घरबसल्या कबुली देता येते, घरबसल्या नकार देता येत नाही. पण नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ५३० ने खटले इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवण्याची मुभा दिली आहे. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी, धंद्याची आणि मजुरीची वेळ संपल्यावर, किरकोळ खटले फोनवरून ऐकले, पोलिसाने काढलेला फोटो दोन्ही बाजूंसमोर उघडला, पोलीस आपल्या ठाण्यातून आणि आरोपी आपल्या घरातून बोलला, तर यातले बहुतेक खटले एका बैठकीत निकाली निघतील, आणि कबूल करणारेही खरोखर कबूल असल्यामुळे करतील. यासाठी नवा कायदा लागणार नाही. उच्च न्यायालयाचे आदेश, विजयनगरच्या इमारतीतील एक दालन आणि आरोपींच्या बाजूने बोलायला विधी सेवेच्या मोफत मदतीच्या यादीवरचे काही वकील एवढे पुरेल. अशी सोय व्हावी म्हणून मी एक विनंतीपत्र लिहिले आहे, त्या यादीत माझे नाव घालावे असेही त्यात म्हटले आहे, आणि आमच्या बारमधील चार तरुण वकिलांनी त्याखाली सह्या केल्या आहेत.